तीस पटीचं म्हणून घेतलेलं दहा पटीचं भिंग

इंदूरच्या सराफ्यात सोनारांची अवजारं विकणारं एक दुकान आहे, तिथून जुलैत हे घडीचं भिंग घेतलं. सराफा म्हणजे दिवसाचा, रात्री गराडूवाले, म्हणजे तळलेला कंद विकणारे, बसतात तो नव्हे. किंमत साडेतीनशे. झाकणावर कोरलंय ३०×२१, म्हणजे तीस पट आणि काच २१ मिलिमीटरची.

मी आयुष्यभर बँकेत नोटा मोजल्या. छापलंय म्हणून खरं, असं मानायची सवय नाही. घरी पट्टी घेऊन बसलो. दहा पटीच्या भिंगातून वस्तू साधारण २५ मिलिमीटरवर स्पष्ट दिसते, तीस पटीच्या भिंगाला ती ८ मिलिमीटरवर आणावी लागेल. माझ्या भिंगाला २५ लागले. काचही भरली १८. दुकानदाराला जाऊन सांगितलं, तर म्हणतो, “अंकल, सब पे यही लिखा आता है.”

तरी परत केलं नाही. रानफुलांना दहा पटच सोयीची. खरंच तीस पट असतं तर फुलावर माझ्याच नाकाची सावली पडली असती.

मी घेतलं ते केन्यासाठी. पावसाळ्यात बायको केन्याच्या पानांची भजी करते, आणि मी कुठूनही निळं फूल दाखवलं की विचारते, “हा आपलाच केना का?” मोबाइलमधलं ॲप सगळ्यालाच केना म्हणतं. भाद्रपदात इंदूरजवळच्या चोरलच्या सागवानात गेलो तेव्हा भिंग गळ्यात होतं. आपला केना म्हणजे कॉमेलिना बेंगालेन्सिस. पान रुंद, फुलाखालची हिरवी पुडी तळाशी जुळलेली, फुटाण्याच्या पुडीसारखी. पान खोडाला जिथे कवटाळतं तिथल्या काठावर नुसत्या डोळ्यांना तांबूस धूळ दिसते. भिंगाखाली ते चक्क लांब केस निघाले. ओढ्याच्या काठी मात्र पानं अरुंद, भाल्यासारखी आणि पुडी तळापर्यंत उघडी, दुमडलेल्या पोस्टकार्डासारखी. हा कॉमेलिना डिफ्यूझा, केन्याचा चुलतभाऊ. दोघांनाही दोन पाकळ्या ठसठशीत आणि तिसरी खालची बारकी. कॉमेलिन हे डच घराणं. त्यातले दोघे वनस्पतिशास्त्रात नावाजले, तिसरा काही नाव कमावण्याआधीच गेला. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं नाव देताना तिसरी पाकळी त्याच्या वाट्याला दिली. बिचारा.

पैसे वसूल झाले ते नभाळी नावाच्या रानफुलापाशी. लांबून तीही केनाच वाटते. पण तिच्या तिन्ही पाकळ्या सारख्या, आणि भिंग लावलं तर सहाही पुंकेसरांना दाढी! एकेक केस मण्यांची माळ ओवल्यासारखा. पाच मिनिटं मी गुडघ्यांवर बसून होतो, मागून एक गुराखी येऊन विचारून गेला, “बाबूजी, कुछ गिर गया क्या?” त्यालाही दाखवलं. त्यानं भिंग फुलाजवळ धरलं आणि म्हणाला, काही दिसत नाही. सगळे तेच करतात. भिंग डोळ्याला टेकवायचं आणि फूल भिंगाजवळ आणायचं.

तक्रारी आहेत. बिजागरी महिनाभरात सैल झाली, आता झाकण आपोआप उघडतं आणि काचेला खिशातल्या किल्ल्या लागतात. कडेला निळसर झालर दिसते, म्हणून पाकळीचा रंग ठरवायचा तर भिंग बाजूला ठेवावं लागतं. गोफ सोबत मिळत नाही, मी जुन्या आयकार्डाचा लावला.

आणि घेतलंत तर सकाळी निघा. ही फुलं दुपारपर्यंत मिटतात. पहिल्या रविवारी आम्ही पोहे-जिलबी खाऊन, गप्पा मारून, आरामात बाराला पोचलो होतो. भिंगात पानांवरचे केस तेवढे बघून परत आलो.