टाटा टियागो ईव्ही: सवलतींचा हिशेब आणि रोजची गाडी

छोटी इलेक्ट्रिक गाडी घ्यायची म्हटले की शोरूममध्ये बोलणे हटकून ‘सरकारी सवलती’पासून सुरू होते. टियागो ईव्ही पुण्याच्या रहदारीत, खंबाटकीच्या चढावर आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये वापरल्यावर माझे मत वेगळे झाले आहे. आपल्याकडच्या सवलतींची रचनाच अशी आहे की गाडी जितकी मोठी आणि महाग, तितका तिला लाभ जास्त. छोटी गाडी घ्यायची ती सवलतीसाठी नव्हे, तर दर किलोमीटरच्या खर्चासाठी.

आधी करांचे पाहू. इलेक्ट्रिक वाहनांवरचा जीएसटी १ ऑगस्ट २०१९ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि तो तसाच आहे. छोट्या पेट्रोल गाडीवर मात्र २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत उपकरासह २९ टक्के कर होता, तो १८ टक्क्यांवर आला. म्हणजे टियागोच्या वर्गात पेट्रोल आणि विजेच्या गाडीतले करांचे अंतर २४ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर घसरले. मोठ्या, आलिशान पेट्रोल गाड्यांवर ४० टक्के कर आहे आणि त्यांच्या इलेक्ट्रिक स्पर्धकांवर तोच ५ टक्के, त्यामुळे तिथले अंतर आजही ३५ टक्के आहे. ज्या ग्राहकाला एकेक हजाराचा विचार करावा लागतो, त्याच्याच वाट्याला कमी सूट यावी, हे मला तरी उलटे वाटते.

थेट अनुदानाची कथाही फारशी वेगळी नाही. इलेक्ट्रिक वाहनांना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या ‘फेम’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात खासगी वापराच्या मोटारींना अनुदान नव्हतेच, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ या नव्या योजनेतही त्या नाहीत. महाराष्ट्राच्या २०२१ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तासामागे (म्हणजे विजेच्या एका युनिटमागे) ५,००० रुपये आणि जास्तीत जास्त दीड लाख, असे पहिल्या १०,००० मोटारींसाठी ठरले होते. लवकर खरेदी करणाऱ्यांना त्यावर आणखी एक लाख मिळत होते, पण ती मुदत ३१ मार्च २०२२ ला संपली आणि टियागो ईव्ही बाजारात आली ती त्याच वर्षीच्या सप्टेंबरअखेर. त्या सूत्राने टियागोच्या छोट्या, १९.२ किलोवॅट-तासाच्या बॅटरीला ९६ हजार होतात आणि मोठ्या गाडीच्या ३० च्या बॅटरीला पूर्ण दीड लाख. कर्जाच्या व्याजावरची दीड लाखापर्यंतची आयकर वजावटही ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. म्हणून विक्रेता जेव्हा ‘अनुदान नंतर खात्यात येईल’ असे सांगतो, तेव्हा ती रक्कम हिशेबात शून्य धरावी. आली तर आनंदच आहे.

हातात नक्की पडतो तो रस्ता कर. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के मोटार वाहन कर भरावा लागतो, तो इलेक्ट्रिकला माफ आहे. आठ लाखांच्या गाडीवर हे ऐंशी-नव्वद हजार होतात आणि ते ऑन-रोड किमतीच्या कागदावरच दिसतात, कोणाच्या मागे लागावे लागत नाही. त्रयस्थ (थर्ड पार्टी) विम्याच्या हप्त्यातही १५ टक्के सूट आहे. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी दिली. द्रुतगती मार्गावर मोटारीला एका वेळचे ३२० रुपये पडतात, तेव्हा ही रक्कम किरकोळ नव्हे. पण टियागोसारख्या गाडीने समृद्धीवरून नागपूर गाठायला निघणारा माणूस विरळाच, म्हणजे इथेही खरा लाभ मोठ्या बॅटरीच्या गाडीलाच.

मग ही गाडी का घ्यावी? त्याचे उत्तर चालवताना मिळते. गिअरच्या जागी एक गोल खटका आहे, तो डी वर फिरवला आणि पाय ठेवला की गाडी आवाज न करता सुटते. सिग्नल हिरवा झाल्यावर मागच्याने हॉर्न वाजवायच्या आत आपण चौक ओलांडलेला असतो. क्लचवर पाय अवघडत नाही, गाडी गचके खात नाही, एसी लावून कोंडीत उभे राहिले तरी पेट्रोल जळत असल्याची टोचणी नाही. पाय उचलला की गाडीचा वेग कमी करत थोडी वीज बॅटरीत परत जाते; या पुनर्भरणाचे म्हणजे रिजनरेशनचे शून्य ते तीन असे टप्पे आहेत. दोनवर ठेवले की शहरात ब्रेकचा वापर निम्म्यावर येतो, तीनवर मात्र मागे बसलेल्यांना मळमळते, निदान आमच्याकडे ज्येष्ठ मंडळींची हीच तक्रार असते. मुंबईहून येताना बोरघाट चढताना बॅटरीचे टक्के डोळ्यांदेखत उतरतात. जाताना त्याच घाटात थोडे परत मिळतात, पण चढताना गेले तेवढे कधीच नाही.

कंपनीने सुरुवातीला छोट्या बॅटरीसाठी २५० आणि २४ किलोवॅट-तासाच्या बॅटरीसाठी ३१५ किलोमीटरचा पल्ला सांगितला होता. एसी लावून शहरात मोठी बॅटरी दोनशेच्या आसपास जाते, महामार्गावर वेग वाढवला की त्याहून कमी. पुण्याहून साताऱ्याला जायला ती पुरते, परतताना वाटेत चार्ज करावे लागते. जलद चार्जरवर १० ते ८० टक्क्यांना सुमारे तास लागतो, अर्थात चार्जर चालू असेल आणि मोकळा असेल तर. ॲपमध्ये ‘उपलब्ध’ दाखवणारा चार्जर प्रत्यक्षात बंद निघणे हा अनुभव नवा राहिलेला नाही.

सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते विजेच्या बिलाकडे, कारण विक्रेते याबद्दल बोलतच नाहीत. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी रात्रभरात भरते. भरतानाची गळती धरली तर एका युनिटमागे साधारण सात किलोमीटर मिळतात, म्हणजे महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याला १४० युनिट लागतात. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांनी वाढतात. ज्या घराचा वापर आधीच २०० युनिट आहे, त्याचे गाडीमुळे वाढलेले काही युनिट ३०० च्या पुढच्या महाग टप्प्यात पडतात. युनिट आठ रुपयांना पडले तर किलोमीटरला सव्वा रुपयाच्या आत खर्च येतो, पंधराला पडले तर दोन रुपयांच्या वर. पेट्रोल टियागोने पुण्याच्या रहदारीत पंधराचे ॲव्हरेज दिले तरी तिथे सात रुपये जातात, त्यामुळे तोटा कोणत्याच दराने नाही. तरीही चार्जिंगसाठी वेगळ्या वर्गवारीचे स्वतंत्र मीटर घ्यावे. स्वतःचे छत असेल तर ‘पीएम सूर्यघर’ योजनेत छतावरच्या तीन किलोवॅटच्या सौर संचाला ७८ हजारांचे अनुदान आहे. माझ्या मते छोट्या इलेक्ट्रिक गाडीची सर्वांत मोठी सरकारी सवलत हीच, जरी ती गाडीच्या नावावर नसली तरी. सोसायटीत मात्र मीटरपासून पार्किंगपर्यंत केबल ओढायला समितीचा होकार लागतो, आणि तो गाडीची डिलिव्हरी घेण्याआधीच लेखी मिळवावा.

उणिवा आहेत. सुट्या चाकाची जागा बॅटरीने घेतली आहे आणि बदल्यात पंक्चर दुरुस्तीचे किट मिळते. शहरात ते चालून जाते, कोकणात रात्री नाही. मागच्या बाकावर तिसरा माणूस दाटीवाटीनेच बसतो, आणि आतले प्लॅस्टिक पेट्रोल टियागोचेच आहे, दहा लाखांच्या गाडीचे वाटत नाही.

यापेक्षा स्वस्त पर्याय म्हणजे एमजी कॉमेट. तिची बॅटरी किलोमीटरमागे भाड्याने घेतली तर २०२४ मध्ये गाडीची किंमत ४.९९ लाखांपासून सुरू होत होती. तीन मीटरहून थोडी कमी लांबीची ती गाडी पेठांच्या गल्ल्यांत कुठेही मावते. पण दोनच दारे असल्याने आजीआजोबांना मागे बसवणे हा सोहळा होतो आणि सामानाला जागा जवळजवळ नाहीच. घरातली दुसरी गाडी म्हणून ती ठीक, एकमेव गाडी म्हणून नाही.

टियागो ईव्हीची किंमत २०२५ मध्ये ७.९९ लाखांपासून अकरा लाखांच्या थोडी पुढे जात होती. रोजचे येणे-जाणे ६० किलोमीटरच्या आत आणि पार्किंग स्वतःचे असेल, तर छोट्या बॅटरीचे मॉडेल घ्यावे. मोठ्या बॅटरीसाठी दिलेला जादा लाखभर रुपया शहरात वसूल होत नाही. महिन्याला पाचशे किलोमीटरही होत नसतील तर आताच्या जीएसटी दराने पेट्रोल टियागोच परवडते. बॅटरीवर आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी आहे. जुनी टियागो ईव्ही घेणार असाल तर ती हमी आपल्या नावावर होते का, हे कागदावर पाहूनच विसार द्यावा.