पन्नाशीनंतरचा ट्रायथलॉन: प्रगती हृदयगतीवर मोजावी, वॅटवर की वहीत?

वयाची पन्नाशी ओलांडलेल्या आणि टाच, गुडघा किंवा खांद्याचे जुने दुखणे सांभाळत ट्रायथलॉनचा (पोहणे, सायकल आणि धावणे यांच्या सलग स्पर्धेचा) सराव करणाऱ्या खेळाडूसमोर प्रगती मोजण्याचे प्रामुख्याने तीन मार्ग असतात: हृदयगतीवर आधारलेला सराव, वॅट (सायकलवर लावलेल्या शक्तीचे माप) आणि वेग यांवरून प्रत्येक सत्राला ताणगुण, म्हणजे त्या सत्राचा शरीरावर पडलेला भार सांगणारा अंक, देणारे ॲप, आणि स्वतःच्या हाताने भरलेली सरावाची वही. तिन्हींचा उपयोग आहे. मात्र तिशीतला निरोगी खेळाडू ज्या क्रमाने त्यांच्यावर विसंबतो, तो क्रम या वयात उलटा करावा लागतो, असे माझे ठाम मत आहे.

हृदयगतीचा मार्ग स्वस्त आणि सोपा आहे. परंतु वयाचा सर्वांत मोठा फटका याच मार्गाला बसतो. कमाल हृदयगती वयाबरोबर उतरत जाते, त्यामुळे पंचेचाळीसाव्या वर्षी मिनिटाला १५० ठोक्यांवर होणारा सराव आणि पंचावन्नाव्या वर्षी त्याच ठोक्यांवर होणारा सराव यांत श्रम सारखे नसतात. सूत्रांवर विसंबावे, तर २२० वजा वय हे प्रचलित सूत्र साठ वर्षांच्या व्यक्तीला १६० हा आकडा देते आणि २००१ साली मांडले गेलेले २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्र १६६ देते. प्रत्यक्ष व्यक्तीची कमाल गती या दोन्हींपासून दहा किंवा त्याहूनही अधिक ठोक्यांनी दूर असू शकते. म्हणून हृदयगतीनुसार सरावाच्या तीव्रतेचे टप्पे ठरवायचेच असतील, तर ३० मिनिटे सलग जोरात धावून शेवटच्या २० मिनिटांची सरासरी उंबरठ्याची (साधारण तासभर टिकवता येईल अशा कमाल श्रमाची) हृदयगती म्हणून घेणे अधिक विश्वासार्ह आहे, अर्थात दुखापत आणि डॉक्टर दोघांचीही त्याला हरकत नसेल तरच. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर वर्गातील औषध घेणाऱ्यांची हृदयगती औषधामुळेच खाली राहते, आणि त्यांना हे टप्पे जवळजवळ निरुपयोगी ठरतात. मनगटावरील घड्याळ पाण्यात आणि वेगवान तुकड्यांच्या सरावात अनेकदा चुकीचे आकडे दाखवते. तिथे छातीचा पट्टा बरा. हृदयगतीचा खरा उपयोग मला एकाच ठिकाणी दिसतो: तोच सपाट मार्ग, तोच आरामाचा वेग आणि साधारण तसेच हवामान असताना ठोके महिन्यागणिक कमी होत आहेत का, हे पाहण्यासाठी.

वॅट आणि वेगावर आधारलेले ताणगुण यापेक्षा बरेच नेमके असतात. उंबरठ्याच्या क्षमतेवर एक तास काम केले, की १०० गुण, असा त्यांचा पाया आहे. या गुणांच्या ४२ दिवसांच्या भारित सरासरीला तंदुरुस्ती आणि ७ दिवसांच्या सरासरीला थकवा मानले जाते. सायकलिंगमध्ये ही पद्धत उत्तम चालते, कारण वॅट मोजणाऱ्या पॉवर मीटरला वय, औषध किंवा उकाडा यांच्याशी देणेघेणे नसते. अडचण तिन्ही खेळांची बेरीज केल्यावर सुरू होते. उंबरठ्याच्या ८० टक्के जोराने दीड तास सायकल चालवली, तर सुमारे ९६ गुण मिळतात, आणि तासभर वेगाने धावले तरी जवळपास तेवढेच. परंतु धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट बल जमिनीकडून परत येते आणि टाचेमागच्या अकिलीस टेंडनला (पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या बंधाला) ते पेलावे लागते, तर सायकलवर तसा आघात नसतोच. समजा, टाच दुखल्यामुळे चार आठवडे धावणे बंद ठेवले आणि ती कसर सायकलवर भरून काढली. तंदुरुस्तीची रेषा जागची हलत नाही, हृदय आणि फुप्फुसे खरोखरच तयार असतात, आणि खेळाडू पूर्वीच्याच अंतराने धावायला निघतो. टेंडनने मात्र महिनाभर धावण्याचा भार पाहिलेलाच नसतो, आणि वाढत्या वयात त्याला पूर्वपदावर यायला अधिक सवड द्यावी लागते. आलेखात न दिसणारी ही तफावतच अनेकांना पुन्हा दुखापतीकडे नेते. याच्या उलटही घडते: सक्तीच्या विश्रांतीत घसरणारी रेषा पाहून मन अस्वस्थ होते आणि परतण्याची घाई होते.

वहीत ही तफावत टिपता येते, म्हणून मी तिला पहिले स्थान देतो. सत्र संपल्यावर सुमारे अर्ध्या तासाने शून्य ते दहा या मापावर श्रमाचा अंक लिहावा आणि त्याला मिनिटांनी गुणावे. ४५ मिनिटांचा सराव सहा अंकांचा वाटला, तर भार २७०. हा भार पोहणे, सायकल आणि धावणे यांसाठी वेगवेगळ्या रकान्यांत ठेवावा आणि त्यांची एकत्र बेरीज करण्याचा मोह टाळावा. शेजारी वेदनेचे तीन अंक लिहावेत: सरावादरम्यान, सरावानंतर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. अकिलीसच्या पुनर्वसनात वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीनुसार दहापैकी पाचपर्यंतची वेदना चालते, पण ती दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरली पाहिजे आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. हा नियम टेंडनपुरताच आहे. हाडावर एका बिंदूवर दुखत असेल, तर कोणताही अंक चालवून न घेता तपासणी करून घ्यावी. खांद्याचे दुखणे असेल, तर किती मीटर पोहलो यासोबत पॅडल (तळहाताला लावायची पसरट पट्टी) लावून किती पोहलो, हेही लिहावे, कारण पॅडलमुळे खांद्यावरचा भार लक्षणीय वाढतो.

वहीचीही एक उणीव आहे. श्रमाचा अंक सहाच राहतो आणि वेग मात्र हळूहळू उतरत जातो. ती घसरण वही सांगत नाही. त्यासाठी दर सहा ते आठ आठवड्यांनी मोजकी चाचणी हवी. पोहण्यात ४०० आणि २०० मीटरच्या वेळांतील फरक पुरतो: ४०० मीटरला ८ मिनिटे आणि २०० मीटरला ३ मिनिटे ४५ सेकंद लागत असतील, तर उरलेल्या २०० मीटरचे २५५ सेकंद, म्हणजे दर १०० मीटरला सुमारे २ मिनिटे ७ सेकंद हा टिकाऊ वेग. सायकलवर २० मिनिटांची वॅट चाचणी घ्यावी आणि तिच्या सरासरीचे ९५ टक्के उंबरठ्याची क्षमता म्हणून धरावेत. धावण्याच्या वेळेची वयानुसार टक्केवारी काढणाऱ्या तक्त्यांमुळे आजची वेळ तरुणपणीच्या वेळेशी न्याय्य रीतीने ताडता येते. वेळ मंदावूनही टक्केवारी टिकून असेल, तर सराव योग्य चालला आहे.

ज्याला गेल्या वर्षभरात दुखापत झालेली नाही आणि ज्याच्याकडे पॉवर मीटर आहे, त्याने सायकलसाठी ताणगुण आणि उरलेल्या दोन खेळांसाठी वही असा मेळ घालावा. जो नुकताच दुखापतीतून उठला आहे, त्याने किमान तीन महिने ॲपमधील एकत्रित आलेख बंद ठेवावा आणि धावण्याचा पुढचा टप्पा सकाळच्या वेदनेच्या अंकावरून ठरवावा. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याला हृदयगतीचा पर्याय जवळजवळ नाहीच. त्याच्यासाठी श्रमाचा अंक आणि वॅट ही जोडी पुरेशी आहे, आणि औषधाची मात्रा बदलली तर ती तारीखही त्याच वहीत नोंदवावी.