टूल चेस्टमध्ये सॉकेट आहेत, मग अर्थिंग कसं करायचं?

सॉकेट बसवलेल्या लोखंडी टूल चेस्टला दिवसभर आपला हात लागत असतो: ड्रॉवर ओढताना, ड्रिल ठेवताना, टेकून उभं राहताना. आत कुठे फेजच्या वायरचं इन्सुलेशन कापलं गेलं आणि अर्थिंग नसलं, तर सगळा पत्रा लाइव्ह होतो. चेस्ट रबरी चाकांवर उभी असते, त्यामुळे करंटला वाट मिळत नाही, एमसीबी (करंट फार वाढला की लाइन तोडणारा स्विच) पडत नाही, बाहेरून काहीच कळत नाही. कळतं ते एक हात ड्रॉवरला आणि दुसरा नळाला किंवा अर्थ केलेल्या मशिनला लागल्यावर.

यावर लोक चार उपाय सांगतात: पुरवठ्याच्या कॉर्डमधूनच अर्थची वायर आणून बॉडीला जोडणं, चेस्टशेजारी जमिनीत अर्थिंगचा वेगळा रॉड ठोकणं, आरसीसीबीवर (करंटची गळती ओळखून लाइन तोडणाऱ्या स्विचवर) भागवणं, किंवा आतले सॉकेट सोडून प्लास्टिकचा बोर्ड वापरणं. हे चारही एकाच तोलाचे नाहीत.

कॉर्डमधलं अर्थिंग की वेगळा रॉड?

रॉड दिसायला भक्कम वाटतो, म्हणून त्याचा मोह होतो. पण अर्थिंगचं काम करंट मातीत जिरवणं एवढंच नाही. फॉल्ट होताच इतका मोठा करंट वाहायला हवा, की एमसीबी लगेच पडली पाहिजे. 230 व्होल्टचा पुरवठा आणि मातीशी 25 ओहम रेझिस्टन्स असलेला रॉड धरा. फॉल्टमध्ये जेमतेम 9 अँपिअर वाहतील. 16 अँपिअरची एमसीबी तेवढ्याने पडणारच नाही, आणि बॉडीवर जवळपास पूर्ण व्होल्टेज तसंच राहील. तोच फॉल्ट कॉर्डमधल्या अर्थच्या वायरने मेन बोर्डापर्यंत आणि तिथून पुरवठादाराच्या अर्थपर्यंत परतला, आणि पूर्ण वाटेचा रेझिस्टन्स 1 ओहम असला, तर 230 अँपिअर वाहतात. सी प्रकारची 16 अँपिअरची एमसीबी 160 अँपिअरच्या वर क्षणात पडते.

रॉडचा आणखी एक धोका आहे. चेस्ट एका अर्थला आणि शेजारचं मशिन घराच्या अर्थला असेल, तर फॉल्टच्या वेळी दोघांच्या व्होल्टेजमध्ये फरक पडतो, आणि दोन्हींना हात लावणारा माणूस त्यांच्या मध्ये सापडतो. नळाच्या पाइपाला वायर गुंडाळणं त्याहून वाईट, कारण पुढे पाइप प्लास्टिकचा असेल तर ते अर्थिंग नावापुरतंच. ज्या घराला पुरवठादाराकडून अर्थ येत नाही, स्वतःच्या अर्थिंगच्या खड्ड्यावरच भिस्त असते, तिथे संपूर्ण घराला आरसीसीबी हवीच. तिथेही चेस्टपुरता वेगळा रॉड ठोकायचं कारण नाही.

आरसीसीबी असली की अर्थिंग नको?

हा गैरसमज मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला करंट यांतला फरक पाहते आणि लाइन तोडते. तिला चालायला अर्थची गरज नाही, हे खरं. पण बॉडीला अर्थ नसेल तर फॉल्ट होऊनही या दोन करंटमध्ये फरक पडत नाही. तो पडतो माणसाचा हात लागल्यावर, म्हणजे करंट त्याच्या शरीरातून गेल्यावर. शिवाय आरसीसीबी करंट कमी करत नाही, त्याचा वेळ कमी करते. झटका पूर्ण जोराचाच बसतो, फक्त सेकंदाच्या छोट्या अंशात थांबतो. बॉडीला अर्थ असेल तर तीच आरसीसीबी फॉल्ट झाल्या क्षणी पडते, कुणी हात लावायच्या आधी. आणि एका हातात फेज, दुसऱ्या हातात न्यूट्रल आला तर आरसीसीबीला काहीच कळत नाही, हेही ध्यानात असू द्या.

प्लास्टिकचा बोर्ड

भिंतीवरच्या सॉकेटला अर्थच नसेल तर हाच उपाय बरा. आतलं वायरिंग काढून टाका, चेस्ट नुसती चेस्ट राहू द्या, आणि चांगला प्लास्टिकचा बोर्ड बाहेर ठेवा. कॉर्ड पत्र्याच्या भोकातून नेऊ नका. न्यावीच लागली तर भोकाला रबरी ग्रोमेट हवा. त्या बोर्डावर थ्री-पिनची यंत्रं मात्र चालवू नका, कारण त्यांच्या बॉडीला अर्थ मिळणार नाही.

कॉर्डचं अर्थिंग नीट करताना

खरी मेहनत इथे आहे. थ्री-कोअर कॉर्ड घ्या, अर्थची वायर फेजएवढ्याच जाडीची. ती आत थोडी लांब ठेवा, म्हणजे कॉर्ड ओढली गेलीच तर सगळ्यात शेवटी निघेल. कॉर्ड आत शिरते तिथे क्लँप हवाच.

बॉडीला जोडताना पावडर कोटिंग उजळ धातू दिसेपर्यंत खरवडा. रंगावर घट्ट केलेला नट म्हणजे जोडणी नव्हे. एम 5 किंवा एम 6 चा स्वतंत्र बोल्ट घ्या. सॉकेटची पट्टी धरणारा स्क्रू त्यासाठी वापरू नका, कारण पुढे पट्टी बदलणारा तो सोडवणारच. पत्र्याला लागून स्टार वॉशर, मग वायरच्या टोकाला दाबून (क्रिंप करून) बसवलेली गोल कडी, म्हणजे रिंग थिंबल, वर साधा वॉशर, स्प्रिंग वॉशर आणि नट. गंज धरू नये म्हणून शेवटी वरून रंगाचा हात.

वरची पेटी आणि खालचं कपाट वेगळं असेल, तर दोघांमध्ये फक्त रंग टेकलेला असतो. तिथे लवचीक जंपर वायर लागतेच. ड्रॉवरचा रेल ग्रीसवर सरकतो, त्यावर विसंबू नका. ज्या ड्रॉवरमध्ये चार्जर किंवा सॉकेट आहे त्याला वेगळा जंपर द्या.

एक गोष्ट कटाक्षाने टाळा: अर्थ नाही म्हणून न्यूट्रल बॉडीला जोडणं. वाटेत कुठे न्यूट्रल तुटला, की चालू असलेल्या यंत्रातून फेज थेट बॉडीवर येतो.

तितकीच घातक स्थिती आणखी एक आहे, आणि ती सहसा दिसत नाही. आतल्या सगळ्या सॉकेटचे अर्थ बॉडीला जोडलेले, पण बाहेरच्या प्लगची अर्थची वायर निसटलेली. अशा वेळी एका ग्राइंडरमधला फॉल्ट चेस्टवर आणि तिथे लावलेल्या प्रत्येक थ्री-पिन यंत्राच्या बॉडीवर पसरतो. चार्जर लावल्यावर पत्र्याला हात लागताच मुंग्या येतात, टेस्टर मंद पेटतो, ते बहुतेक वेळा याचंच लक्षण. तेव्हा प्लग काढा आणि अर्थ तपासा.

तपासणी प्लग काढूनच करायची. मल्टिमीटरचं एक टोक प्लगच्या अर्थ पिनला, दुसरं पाळीपाळीने वरच्या पेटीला, खालच्या कपाटाला, जंपर दिलेल्या ड्रॉवरला आणि प्रत्येक सॉकेटच्या अर्थला. मीटरच्या वायरींचा रेझिस्टन्स वजा करून आकडा ओहमच्या काही दशांशांतच हवा. पण तांब्याची एकच तार शिल्लक असली तरी मीटर चांगलाच आकडा दाखवतो, म्हणून थिंबल हाताने ओढून पाहा. भिंतीवरच्या सॉकेटचा अर्थ खरा आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून लूप टेस्टरने (फॉल्टच्या पूर्ण वाटेचा रेझिस्टन्स मोजणाऱ्या मीटरने) पाहून घ्या.

माझा कौल असा: भिंतीवरचा अर्थ पक्का असेल तर कॉर्डमधलं अर्थिंग आणि त्याच लाइनवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, दोन्ही एकत्र. अर्थ नसेल तर आधी घरात तो करून घ्या, आणि तोवर चेस्टचा प्लग काढलेलाच ठेवा.