फ्रेम सप्लाय की अ‍ॅडॉप्टर? आउटपुटचं सुरक्षा-रेटिंग तपासताना

२४ व्होल्टवर चालणारं ४०-५० वॉटचं उपकरण बनवताना डब्यात ओपन-फ्रेम सप्लाय (स्वतःचं कवच नसलेला, उघड्या बोर्डाचा वीजपुरवठा) बसवायचा की बाहेरून सीलबंद अ‍ॅडॉप्टर द्यायचा, हा प्रश्न येतोच. कार्यक्षमतेत आता फारसा फरक नाही, प्रमाणपत्राची खूण दोघांवरही असते. फ्रेम सप्लाय डब्यात घट्ट बसतो, पिन ढिली होण्याची कटकट नाही आणि बदलायलाही सोपा. तरीही ६० वॉटपर्यंत माझा कल अ‍ॅडॉप्टरकडे आहे, आणि तो ठरला कागदपत्रांवरून.

फ्रेम सप्लायवर यूएल या अमेरिकन तपासणी संस्थेची उलट्या ‘आर’ची खूण असते. तिचा अर्थ, हा सुटा भाग तपासलेला आहे, पण काही अटींवर. त्या अटी रिपोर्टच्या ‘कंडिशन्स ऑफ अ‍ॅक्सेप्टॅबिलिटी’ या भागात असतात: सभोवतालचं कमाल तापमान, अर्थिंग, धातूच्या डब्यापासूनचं अंतर, आणि मुख्य म्हणजे आउटपुट कोणत्या वर्गात बसतं. प्रॉडक्ट आयक्यू या यूएलच्या ऑनलाइन यादीत ई-फाइल क्रमांक (उत्पादकाचा यूएलकडचा नोंद-क्रमांक) टाकला की मॉडेलची नोंद दिसते. आउटपुटचा वर्ग तिथे बहुतेकदा मिळत नाही. विक्रेत्याकडे रिपोर्ट मागितला की येतं ते सीबी प्रमाणपत्र (अनेक देशांत मान्य होणारं चाचणीचं प्रमाणपत्र). त्यात व्होल्ट आणि अँपिअर असतात, अटी नसतात. पूर्ण रिपोर्टसाठी पुन्हा पुन्हा लिहावं लागतं, आणि तो आला की कधी कधी त्यात एवढंच असतं की आउटपुट एलपीएससाठी (लिमिटेड पॉवर सोर्स, मर्यादित शक्तीचा स्रोत) तपासलेलं नाही. तोवर डब्याचा साचा तयार झालेला असतो.

इथे ६२३६८-१ या सुरक्षा-मानकातल्या तीन गोष्टींची गल्लत होते. ईएस१ म्हणजे शॉकच्या दृष्टीने सुरक्षित, डीसीला ६० व्होल्टपर्यंत. पीएस२ म्हणजे ५ सेकंदांनंतर १०० वॉटच्या आत. एलपीएस त्याहून वेगळं: ३० व्होल्टपर्यंतच्या, स्वतःच मर्यादित राहणाऱ्या आउटपुटला १०० व्हीएची (व्होल्ट गुणिले अँपिअर) मर्यादा आहेच, शिवाय ८ अँपिअरचीही. ५ व्होल्ट १० अँपिअरचा सप्लाय फक्त ५० वॉटचा, पीएस२ मध्ये आरामात बसेल, पण एलपीएस होणार नाही. केबल इमारतीच्या वायरिंगला जोडायची असेल तर हा फरक महागात पडतो.

लेबलवरचे वॉट इथे कामाचे नाहीत. २४ व्होल्ट ४ अँपिअर, म्हणजे ९६ वॉट, बघून निश्चिंत होऊ नका. ओव्हरकरंट संरक्षण ११० ते १५० टक्क्यांवर असेल तर प्रत्यक्षात १०६ ते १४४ वॉट निघू शकतात, आणि ते पीएस३, म्हणजे पीएस२ च्या वरचा वर्ग. ४८ व्होल्टच्या मॉडेलमध्ये ओव्हरव्होल्टेज संरक्षण किती टक्क्यांवर चालू होतं ते बघा: डेटाशीटवर ११५ ते १३५ टक्के असेल तर फीडबॅक (आउटपुट व्होल्टेज स्थिर ठेवणारी व्यवस्था) बिघडल्यावर ६४.८ व्होल्टपर्यंत जाता येतं, आणि ईएस१ हातातून जातं.

अ‍ॅडॉप्टरवर बहुतेकदा ‘एलपीएस’ छापलेलंच असतं. भारतात विकायचा अ‍ॅडॉप्टर असेल तर त्यावरचा आर-क्रमांक (बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक) बीआयएस केअर अ‍ॅपवर मिनिटभरात तपासता येतो. अर्थात तिथे नोंदणी खरी आहे एवढंच कळतं, आउटपुटचा वर्ग नाही. त्यासाठी रिपोर्ट यालाही हवाच. लेबलवर नुसतं ६०९५०-१ हे जुनं मानक असेल तर नवा रिपोर्ट मागा; युरोप-अमेरिकेत २० डिसेंबर २०२० पासून त्याची जागा ६२३६८-१ ने घेतली आहे. आणि २३० व्होल्ट डब्याच्या बाहेरच राहतात, ही माझ्या मते अ‍ॅडॉप्टरची सर्वांत मोठी सोय. मेन्स आत आली की ती पीएस३ असल्याने आगीपासून बचावाचं कवच लागतं आणि त्याचं प्लास्टिक किमान व्ही-१ (ज्वाला लवकर विझणारा दर्जा). साधं एचबी (त्याहून खालच्या) दर्जाचं एबीएस प्लास्टिक चालत नाही.

कोणताही घेतलात तरी बेंचवर एकदा बघाच. ट्रिम पॉट (व्होल्टेज जुळवायचा छोटा स्क्रू) असेल तर पूर्ण वर फिरवून लोड न जोडता व्होल्टेज मोजा. मग इलेक्ट्रॉनिक लोड (ठरवू तेवढा करंट ओढणारं उपकरण) हळूहळू वाढवा, प्रत्येक पायरीवर ५ सेकंद थांबा (पीटीसीने, म्हणजे तापल्यावर करंट रोखणाऱ्या भागाने, मर्यादा घातली असेल तर ६०) आणि व्होल्ट गुणिले अँपिअर लिहून ठेवा. सर्वांत जास्त शक्ती ट्रिप होण्याच्या जरा आधी मिळते. थेट शॉर्ट करून मोजलं तर हिकप मोडमुळे (सप्लाय सतत बंद होऊन पुन्हा सुरू होत राहतो) आकडा फसवा कमी येतो. करंट सेन्सचा रेझिस्टर शॉर्ट झाला किंवा ऑप्टोकपलर (फीडबॅक मेन्सच्या बाजूला पोहोचवणारा भाग) ओपन झाला तर काय होतं, हे मात्र या मोजणीत कळत नाही. ते रिपोर्टच्या बिघाड-चाचणीच्या तक्त्यातच वाचावं लागतं.

१०० वॉटच्या पुढे, किंवा धातूचा अर्थिंग केलेला डबा आधीच ठरला असेल, तर फ्रेम सप्लायच बरा; फक्त अटींचं पान हातात आल्याशिवाय खरेदीची ऑर्डर देऊ नका.