व्हिडिओ वॉल, केव्हीएम आणि एव्ही ओव्हर आयपी: कंट्रोल रूममधल्या यंत्रणेचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आधी यंत्रणा काय आहे ते सांगतो. समोर १.२५ मिमी पिक्सेल पिचची (म्हणजे शेजारच्या दोन पिक्सेलमधल्या अंतराची) एलईडी व्हिडिओ वॉल. ६०० × ३३७.५ मिमीची कॅबिनेट (वॉल जोडून बनते ते चौकोनी भाग) आडवी ८, उभी ८, म्हणजे ४.८ मीटर रुंद, २.७ मीटर उंच आणि बरोबर ३८४० × २१६० पिक्सेल. वॉलवर चित्रं नेण्यासाठी १ गिगाबिटवर चालणारे एव्ही ओव्हर आयपी (चित्र-आवाज संगणकी नेटवर्कवरून नेणारे) एन्कोडर-डिकोडर, ऑपरेटरांच्या संगणकांसाठी फायबरवरचं वेगळं केव्हीएम (दूरच्या संगणकाचा कीबोर्ड, मॉनिटर, माउस कन्सोलवर आणणारी यंत्रणा), आवाजासाठी दांते (नेटवर्कवरून आवाज नेण्याची पद्धत). कन्सोलच्या तीन रांगा, तीन पाळ्या, काम चोवीस तास.

वॉलबद्दल तक्रार जवळपास नाही. डोकेदुखी झाली ती स्विचच्या सेटिंगमुळे, मॉनिटरच्या उंचीमुळे आणि लाल रंगाच्या बारीक अक्षरांमुळे. खरेदीच्या बैठकांत मात्र सगळा वेळ पिचवरच्या चर्चेत जातो.

पिचचा हिशोब तसा सोपा आहे. पिचला साधारण ३४४० ने गुणलं की निरोगी डोळ्याला सुटे पिक्सेल दिसेनासे होतात ते अंतर मिळतं. १.२५ मिमीला ४.३ मीटर. पहिली रांग साडेचार मीटरवर असेल तर याहून बारीक पिच घेणं म्हणजे पैसे वाया. पहिली रांग तीन-सव्वातीन मीटरवर असेल तर ०.९४ मिमी लागेल, पण मग त्याच कॅबिनेटमध्ये ६४० × ३६० पिक्सेल बसतात आणि ६ × ६ कॅबिनेटमध्येच फोर-के पूर्ण होतं. चित्र ३.६ मीटर रुंद होतं, म्हणजे लहान होतं, आणि मागची रांग ओरडते. पिच पहिली रांग ठरवते, आकार शेवटची रांग ठरवते. हे दोन हिशोब वेगवेगळे करायचे.

शेवटच्या रांगेसाठी अक्षराची उंची किमान अंतराच्या दोनशेवा भाग धरा. ९ मीटरला ४५ मिमी, या वॉलवर ३६ पिक्सेल. डॅशबोर्ड बनवणारा आपल्या लॅपटॉपवर १४ पिक्सेलचा फॉन्ट ठेवतो. वॉलवर तो साडेसतरा मिमी होतो आणि साडेतीन मीटरपलीकडे वाचता येत नाही. म्हणजे खोलीत कोणालाच नाही, कारण पहिली रांगच साडेचार मीटरवर आहे. इथे ३६ पिक्सेलपेक्षा लहान अक्षर वॉलवर चढवायचं नाही असा नियम करावा लागला. ज्या तक्त्यात तो बसला नाही तो वॉलवरून काढून कन्सोलवर नेला. त्याची उणीव कोणालाच भासली नाही.

दृष्टिरेषेचा हिशोब मात्र आराखड्याच्या टप्प्यावरच करायला हवा, नंतर उपाय महाग पडतो. बसलेल्या माणसाचा डोळा साधारण १२०० मिमीवर. समोरच्या मॉनिटरची वरची कड १३५० मिमीवर आणि तो डोळ्यापासून ८०० मिमी लांब, असं धरा. दीडशे मिमीचा फरक किरकोळ वाटतो. पण ती रेषा सहा मीटरवरच्या वॉलपर्यंत ओढली तर ती २३२५ मिमी उंचीवर लागते! म्हणजे तिथपर्यंतची वॉल त्या खुर्चीवरून दिसतच नाही. एकावर एक असे दोन मॉनिटर लावायची हौस असेल तर व्हिडिओ वॉलवर खर्च करू नये. इथे मॉनिटरची वरची कड डोळ्याच्या पातळीखाली आणल्यावर आणि मागच्या रांगेखाली चौथरा घेतल्यावर खालच्या भागातल्या चित्रांना अर्थ आला. कंट्रोल सेंटरच्या मांडणीसाठी आयएसओ ११०६४ ही मालिका आहे. ती आर्किटेक्टच्या हातात एव्हीवाल्याआधी पडली पाहिजे.

ब्राइटनेस. पॅनेलवर ६०० निट (उजळपणाचं एकक) लिहिलेलं असतं, पण कंट्रोल रूमच्या मंद उजेडात १५० ते २०० पुरतात आणि रात्रपाळीला त्याहूनही कमी. तितकं खाली आणलं की स्वस्त ड्रायव्हर आयसीची (एलईडी चालवणाऱ्या चिपची) लायकी कळते: गडद करडे रंग गुलाबी किंवा हिरवट होतात, छटांमध्ये पायऱ्या दिसतात. हल्ली सगळे डॅशबोर्ड काळ्या पार्श्वभूमीवर असतात, त्यामुळे हा दोष थेट कामाच्या चित्रात येतो. डेमोमध्ये झगमगीत निसर्गदृश्यं बघू नका. ब्राइटनेस २० टक्क्यांवर आणायला सांगा आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची करड्या रंगाची पट्टी लावून बघा. इथे घेतलेल्या वॉलने ही परीक्षा बऱ्यापैकी पार केली, अगदी तळाच्या दोन-तीन छटा सोडून.

एलईडीऐवजी ५५ इंची एलसीडी पॅनेलची वॉल स्वस्त पडते. दोन चित्रांमधला सांधा ०.८८ मिमीपर्यंत आला आहे. कॅमेऱ्याच्या चित्रात तो खटकत नाही, पण तक्त्यातली बारीक ओळ नेमकी सांध्यावर आली की गोंधळ होतो, आणि महिनोन्महिने एकच नकाशा ठेवला तर त्याचा ठसा राहतो. एलईडीही यातून पूर्ण सुटलेली नाही. कायम पेटलेली पांढरी शीर्षपट्टी असलेले पिक्सेल शेजाऱ्यांपेक्षा लवकर थकतात. शीर्षपट्टी गडद ठेवणं आणि मांडणी अधूनमधून उलटसुलट करणं एवढा उपाय पुरतो.

आता नेटवर्क, कारण इथे सर्वांत जास्त वेळ गेला.

एव्ही ओव्हर आयपीची चित्रं मल्टिकास्टवर चालतात, म्हणजे एकच प्रवाह तो मागणाऱ्या सगळ्यांच्या गटाला जातो. स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग (कोणत्या पोर्टला कोणता गट हवा याची नोंद ठेवणं) चालू आणि क्वेरिअर (कोणाला काय हवं ते ठरावीक वेळाने विचारणारा) मात्र कुठेच नाही, ही ठरलेली चूक. लक्षण ओळखीचं आहे: सगळं सुरू होतं, चार मिनिटं छान चालतं, ठेकेदार हात झटकतो, आणि मग एकेक चित्र गोठतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये गटाची नोंद २६० सेकंदांनी कालबाह्य होते (१२५ सेकंदांच्या दोन क्वेऱ्या आणि वर १० सेकंद), म्हणून ती चार मिनिटं. यंत्रणा ताब्यात घेताना निदान अर्धा तास प्रत्येक चित्र अखंड चालवून बघा. क्वेरिअर एका ठरावीक स्विचवर ठेवा आणि तो बंद पडल्यास दुसरा कोण घेणार हेही ठरवा.

दुसरी गोष्ट: स्रोत बदलताना क्षणभर तुकडे तुकडे दिसणं. एक प्रवाह ८०० मेगाबिटच्या आसपास आणि डिकोडरचा पोर्ट १ गिगाबिटचा. जुना प्रवाह थांबायच्या आत नवा आला की पोर्ट ओसंडतो. डिकोडरच्या पोर्टवर फास्ट लीव्ह (गट सोडल्याबरोबर जुना प्रवाह तोडणं) चालू केलं की हे जातं. मात्र ज्या पोर्टमागे दुसरा छोटा स्विच लावून दोन डिकोडर बसवले असतील तिथे ते चालू करू नका. एकाने गट सोडला की दुसऱ्याचंही चित्र जाईल.

तिसरी फार उशिरा सापडते. कोणीतरी लॅपटॉप एव्हीच्या स्विचला जोडला की सगळ्या वॉलवर झटका. पोर्टफास्ट (हा टोकाचा पोर्ट आहे असं स्विचला सांगणारी सेटिंग) नसलेल्या पोर्टवर काहीही जोडलं-काढलं तरी स्पॅनिंग ट्री (स्विचमधली वर्तुळं टाळणारी व्यवस्था) त्याला रचनेतला बदल समजतो, आणि अनेक स्विच त्यानंतर काही काळ मल्टिकास्ट सगळ्या पोर्टांवर सोडून देतात. १ गिगाबिटच्या पोर्टवर वीस प्रवाह आले की काय होणार? टोकाच्या प्रत्येक पोर्टवर पोर्टफास्ट आणि बीपीडीयू गार्ड (तिथे दुसरा स्विच जोडला तर पोर्ट बंद करणारा), आणि न वापरलेले पोर्ट बंद. दोन स्विचमधला अपलिंकही मोजून घ्या. २४ एन्कोडर × ८०० मेगाबिट म्हणजे १९.२ गिगाबिट, १० गिगाबिटची एक तार पुरणार नाही, दोनही काठावर जातील.

दांते त्याच स्विचवर वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवरच्या सुट्या नेटवर्कमध्ये) आहे. ऊर्जाबचतीचं ग्रीन इथरनेट बंद ठेवा, घड्याळाच्या पॅकेटला (डीएससीपी, म्हणजे पॅकेटवरचा प्राधान्याचा आकडा, ५६) सर्वांत वरचा आणि आवाजाला (डीएससीपी ४६) त्याखालचा प्राधान्यक्रम द्या. एवढं केल्यावर आवाजाने पुन्हा तोंड वर काढलं नाही.

लाल अक्षरांचा घोळ कॉम्प्रेशनचा आहे. एच.२६४ (व्हिडिओ दाबण्याची एक पद्धत) चे बहुतेक एन्कोडर ४:२:० मध्ये चालतात, म्हणजे रंगाची माहिती आडवी-उभी निम्मीच. चेहरे, रस्ते, गाड्या यांत फरक कळत नाही. काळ्यावर बारीक लाल किंवा निळी अक्षरं मात्र फुटतात, आणि धोक्याची सूचना नेमकी लालच असते. उपाय दोन: असे स्रोत ४:४:४ (रंगाची पूर्ण माहिती) देणाऱ्या एन्कोडरवर न्यायचे, किंवा अक्षर पांढरं ठेवून त्यामागची पट्टी लाल करायची. दुसरा उपाय फुकट आहे आणि रंगांधळ्या ऑपरेटरलाही चालतो.

केव्हीएम वेगळं ठेवण्याचा निर्णय योग्य ठरला. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. माउसला त्याहून जास्त विलंब हाताला जाणवतो, वॉलवर मात्र शंभर मिलिसेकंदही कोणाला कळत नाहीत. दोन्ही कामं एकाच स्वस्त साधनाकडून करून घेण्याच्या मोहात ऑपरेटर वैतागतात. प्रत्येक संगणकाला ठरावीक ईडीआयडी (मॉनिटरची ओळख सांगणारी माहिती) द्या, नाहीतर केव्हीएम दुसरीकडे वळला की विंडोजला मॉनिटर गेल्यासारखं वाटतं आणि उघड्या खिडक्या भलतीकडे गोळा होतात. बातम्यांच्या सेट-टॉप बॉक्सला एचडीसीपी (नक्कल रोखणारं कुलूप) असतं. साखळीतलं एकही यंत्र ते मानत नसेल तर तिथे काळा चौकोन, आणि रेकॉर्डिंगमध्ये तर नक्कीच.

वॉलच्या रिडंडन्सीबाबत (एक बिघडलं तर दुसरं चालावं या सोयीबाबत) कागद आणि प्रत्यक्ष यांत अंतर निघतं. १ गिगाबिटच्या एका डेटा पोर्टवर साधारण ६.५ लाख पिक्सेल चालतात. एका कॅबिनेटमध्ये ४८० × २७०, म्हणजे १,२९,६००. पाच कॅबिनेट कशीबशी बसतात. इथे अर्ध्या उभ्या ओळीला एक पोर्ट, म्हणजे पोर्टमागे चार कॅबिनेट आणि एकूण १६ पोर्ट, असं वाटलं आहे. प्रत्येक साखळीचं दुसरं टोक दुसऱ्या प्रोसेसरला (वॉलला चित्र पुरवणाऱ्या यंत्राला) परत येतं, त्यामुळे मधली केबल तुटली तरी चित्र राहतं. पण दोन्ही प्रोसेसर एकाच पॉवर स्ट्रिपवर आणि दोन्ही केबल एकाच नळीतून आल्या असतील तर ही सगळी कसरत व्यर्थ. चाचणी तोंडी घेऊ नका. चालू वॉलवर केबल उपटा, मग एक प्रोसेसर बंद करा, मग एक यूपीएस. वीज परत येताना सगळे पॉवर सप्लाय एकदम प्रवाह ओढतात आणि ब्रेकर पडतो. कॅबिनेटचे गट काही सेकंदांच्या अंतराने सुरू होतील अशी व्यवस्था लागते. कमाल वापर चौरस मीटरला ४०० वॅट असेल तर १२.९६ चौरस मीटरला सव्वापाच किलोवॅट होतात. तेवढी उष्णता काढायला दीड टन थंडावा हवा, आणि तो वॉलच्या मागच्या पोकळीतून काढायचा, ऑपरेटरच्या मानेवर सोडायचा नाही.

नियंत्रणाचा टच पॅनेल ठीक आहे, पण वॉलवर कोणतं चित्र कुठे याच्या डझनभर मांडण्या बनवून उपयोग होत नाही, पाळ्यांमध्ये तीन-चारच वापरल्या जातात. त्यांच्यासाठी प्रत्यक्ष बटणं असती तर जास्त बरं झालं असतं.

सुटे भाग पहिल्याच ऑर्डरमध्ये, त्याच बॅचचे घ्या. नंतर आलेल्या एलईडीचा रंग थोडा वेगळा असतो आणि ते मॉड्यूल (कॅबिनेटमधला एलईडींचा सुटा तुकडा) ठिगळासारखं दिसतं. नवं मॉड्यूल बसवल्यावर त्याचा कॅलिब्रेशन डेटा कॅबिनेटमध्ये उतरवावा लागतो. ते करायचं सॉफ्टवेअर आणि पासवर्ड ठेकेदाराकडे न राहता आपल्याकडे असले पाहिजेत. साध्या एसएमडी (प्रत्येक दिवा सुटा बसवलेल्या) मॉड्यूलवर ओला फडका नको, कोरडा अँटिस्टॅटिक ब्रश आणि हलका व्हॅक्यूम. कडेचे दिवे बोटाच्या धक्क्यानेही निघतात. सीओबी प्रकारात पृष्ठभाग बंद असल्याने ही भीती कमी, मात्र दुरुस्तीला सहसा पूर्ण मॉड्यूल बाहेर पाठवावं लागतं. कोणतंही फर्मवेअर बदलण्याआधी प्रोसेसर, स्विच, केव्हीएम आणि कंट्रोलर या चौघांच्या कॉन्फिगरेशन फाइल तारखेसह दोन ठिकाणी ठेवा, आणि एकावेळी एकाच यंत्राचं फर्मवेअर बदला.