‘रॅम नंतर वाढवता येईल’ असं सांगून विकलेला लॅपटॉप

‘आत्ता ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेजवाला घ्या, पुढेमागे दोन्ही वाढवू’ असं कुणी ठासून सांगत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. विंडोज ११ची किमान अटच तेवढी आहे, त्यामुळे पुढे वाढवता येण्यावरच सगळा व्यवहार उभा असतो.

मला विक्रेत्याने पुरावा म्हणून टास्क मॅनेजर (लॅपटॉपचा कोणता भाग किती वापरात आहे ते दाखवणारा विंडोजचा प्रोग्रॅम) उघडून दाखवला. मेमरीच्या पानावर रॅम बसवायच्या दोनपैकी एक स्लॉट (खाच) वापरात, म्हणजे दुसरा रिकामा! प्रत्यक्षात खालचं कव्हर उघडलं तेव्हा रॅमच्या चिप मदरबोर्डवरच (मुख्य सर्किट बोर्डवर) सोल्डर केलेल्या, म्हणजे डाग देऊन कायमच्या जोडलेल्या निघाल्या. दुसऱ्या स्लॉटची जागा बोर्डवर छापलेली होती, पण कनेक्टर बसवलेलाच नव्हता. टास्क मॅनेजर स्लॉट डोळ्यांनी पाहत नाही, बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) कंपनीने भरलेली माहिती वाचतो. एकच बोर्ड महाग आणि स्वस्त अशा दोन्ही मॉडेलांत वापरला, तर ती माहिती चुकीची राहू शकते. त्याच पानावर ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘रो ऑफ चिप्स’ लिहिलं होतं. सोल्डर केलेल्या रॅमची ती खूण. विक्रेत्याने तिकडे बोटही नेलं नाही.

स्टोरेज वाढवायला म्हणून सोबत गळ्यात मारलेला एसएसडी (डेटा साठवणारी पट्टी) २२८० आकाराचा, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब, आणि एनव्हीएमई या वेगवान जोडणीचा. लॅपटॉपमधला एम.२ स्लॉट (अशी पट्टी बसवायची खाच) २२४२चा, तोही फक्त साटा ही जुनी, वेगळी जोडणी चालणारा. ८० मिलिमीटरची पट्टी ४२च्या जागेत बसणार कशी? आणि बसली असती तरी चालली नसती.

रॅम सोल्डर करण्यात गैर काही नाही. अशी एलपीडीडीआर प्रकारची रॅम कमी वीज खाते, जाडी कमी होते, कनेक्टरचा खर्च वाचतो. पण त्या बदल्यात घेतली तेवढीच रॅम शेवटपर्यंत राहते, आणि सोल्डर केलेली ईएमएमसी (स्वस्त लॅपटॉपमधली स्टोरेजची चिप) गेली तर बहुतेकदा अख्खा बोर्डच बदलावा लागतो. हे लपवून विकणं ही फसवणूकच आहे, आणि मला त्याचा संताप आहे.

जाब विचारल्यावर उत्तर मिळालं, ‘मी त्या सिरीजबद्दल बोलत होतो.’ म्हणून सिरीजच्या नावावर जाऊ नका. मागच्या लेबलवरचा पूर्ण मॉडेल नंबर घ्या, कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्याच नंबरचा बोर्ड बघा. रॅमचा मोकळा स्लॉट आणि एम.२चा प्रकार बिलावर लिहून मागा. लिहून देत नसेल तर घेऊ नका. घेऊन झाला असेल, तर परतीची मुदत संपायच्या आत जाणकाराकडून उघडून बघा. त्याआधी वॉरंटीची अट मात्र वाचा.