आठवड्याचा एक दिवस की वर्षातले दोन आठवडे?

अनेक विषयांना एकत्र आणणारे आणि गावाच्या खऱ्या गरजेशी बांधलेले प्रकल्प शाळेत सुरू करू पाहणाऱ्या मुख्याध्यापकांपुढे दोन आजमावलेले मार्ग आहेत. पहिला पुणे जिल्ह्यातील पाबळ गावचा. तेथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाच्या पद्धतीत आठवी ते दहावीचे विद्यार्थी आठवड्यातून एक दिवस शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य या क्षेत्रांत हाताने काम करतात. दुसरा मार्ग फिनलंडचा. तेथे २०१६ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमानुसार प्रत्येक शाळेने वर्षातून किमान एक बहुविषयक घटक आखायचा असतो आणि त्याचा विषय व कालावधी शाळाच ठरवते.

कामाच्या अस्सलपणात पाबळ उजवे ठरते, कारण तेथे जोडलेली लोखंडी चौकट कोणीतरी वापरणार असते आणि ती डगमगली तर चूक लपत नाही. मात्र त्यासाठी शेड, हत्यारे आणि जाणकार निदेशक, म्हणजे हातकाम शिकवणारे, लागतात. शिवाय निदेशक आहे म्हटल्यावर विषयशिक्षक सहज बाजूला राहू शकतात. मग सकाळी लोखंडाचे वजन आणि खर्च काढणाऱ्या मुलीला तेच गुणोत्तर दुपारी फळ्यावर परके वाटते.

फिनलंडच्या मार्गात हा दुरावा राहत नाही, कारण आखणीच शिक्षकांनी मिळून करायची असते. समजा, शाळेच्या छपरावरील पाणी हा विषय वर्षातल्या दोन आठवड्यांसाठी घेतला. शंभर चौरस मीटर छपरावर ५०० मिलिमीटर पाऊस पडल्यास हिशेबाने ५०,००० लिटर पाणी मिळते. क्षेत्रफळ गणिताच्या बाईंचे, पर्जन्यमान भूगोलाच्या सरांचे आणि ग्रामसभेपुढे ठेवायचा अर्ज मराठीच्या तासाचा. धोका एवढाच, की अर्ज ग्रामसभेपर्यंत न पोहोचता सारे काही तक्त्यांच्या प्रदर्शनावर संपते. (तक्ते पालकांनीच रंगवलेले असतात, हे सर्वांना ठाऊक असते.) गुण कोणत्या विषयात धरायचे, हेही आधीच ठरवलेले बरे.

कार्यशाळा नसलेल्या सर्वसाधारण शाळेने दुसऱ्या मार्गाने, पण दोन-तीन शिक्षक आणि एकच इयत्ता घेऊन सुरुवात करावी, असे माझे मत आहे. जूनमध्ये वेळापत्रक लावताना या शिक्षकांची आठवड्याला एक तासिका एकाच वेळी मोकळी ठेवता येत नसेल, तर मात्र निदेशक शोधून पाबळचाच मार्ग धरावा.